गाडीत वास येतोय? परफ्यूम नंतर, आधी नाक खाली घाला

प्रश्न : पाहुण्यांकडचा कार्यक्रम उरकून येताना पांढऱ्या रश्श्याचा डबा मागच्या सीटसमोर लवंडला. लगेच पुसला, दुसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरला नेऊन शाम्पू मारून घेतला, डॅशबोर्डवर मोगऱ्याचा परफ्यूमही लावला. तरी दुपारी गाडी उघडली की असला खवट वास येतो की पोरं आत बसत नाहीत. वॉशिंगवाला म्हणतो सीट कव्हर बदला. बदलू का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : नको ताई, कव्हरचे पैसे वाया जातील. रस्सा वर थांबतोय कुठं, तो कार्पेटमधून खालच्या जाड फोममध्ये उतरलाय. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं आळणी सूप, नारळाचं दूध, काजू-खसखस, म्हणजे सगळी चरबी आणि प्रोटीन, बॅक्टेरियाला दुसरं काय पाहिजे! त्यात शाम्पूचं पाणी मुरलं म्हणजे त्यांची पंगतच बसली. आणि मोगरा अधिक मटण हा वास नुसत्या मटणापेक्षा वाईट असतो, तो परफ्यूम आधी बाहेर काढा, नाहीतर मूळ वास कुठून येतोय ते कळणारच नाही.

मागच्या सीटची बैठक बऱ्याच गाड्यांत क्लिपवर किंवा दोन बोल्टवर असते, निघते. पुढच्या सीटला मात्र स्वतः हात घालू नका, खाली पिवळे कनेक्टर असतात ते एअरबॅगचे, ते काम मेकॅनिककडंच. मग कार्पेट उचला आणि सरळ नाक खाली नेऊन वास घ्या, लाजायचं नाही, फोमवर पांढरं फडकं दाबून बघा, पिवळट डाग उमटला की जागा सापडली. गार पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोनचार थेंब टाकून तेवढीच जागा ओली करा आणि ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं खेचून घ्या, पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत. गरम पाणी किंवा स्टीम सुरुवातीलाच मारू नका, प्रोटीन तिथंच चिकटून बसतं. साबण निघाला की एन्झाइम क्लीनर, कुत्र्या-मांजराच्या मुतासाठी पेट शॉपमध्ये मिळतो तोच, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओला राहू दे. त्याच्यासोबत फिनेल किंवा ब्लीच अजिबात नको, एन्झाइमचं काम तिथंच संपतं.

खरी मेहनत वाळवण्यात आहे. आपल्या कोल्हापुरात जुलैत ऊन कुठलं, म्हणून फोम बाहेर निघत असेल तर काढून घरात फॅनखाली टाका, हाताला कोरडा लागला तरी आणखी एक दिवस राहू दे. खायचा सोडा सगळ्यात शेवटी, कोरड्यावर रात्रभर पसरायचा आणि सकाळी व्हॅक्यूम. ओल्यावर टाकलात तर नुसता लगदा होतो आणि परत तुम्हीच खरवडत बसाल.

प्रश्न : एसी लावला की पहिली दोन मिनिटं ओल्या मोज्यांचा वास, मग जातो. गॅस भरू का? (ताराबाई पार्क)

उत्तर : भावा, गॅसचा काय संबंध! एसीच्या कॉइलवर पाणी साठतं, गाडी बंद केली की ती ओलीच राहते आणि तिथं बुरशी धरते. आधी केबिन फिल्टर बघ, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो. झाडाखाली पार्किंग असेल तर वायपरखालच्या जाळीतला पाचोळाही काढ, बाहेरची हवा तिथूनच आत येते आणि उंदरांनाही ती जागा आवडते. मग कॉइल साफ करायचा फोम मारून घे. आणि रोजची सवय लाव, घर यायच्या पाचेक मिनिटं आधी एसीचं बटण बंद, ब्लोअर चालू, बाहेरची हवा आत घे, कॉइल वाळते.

दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकलं पाहिजे. ठिबकत नाही आणि आत डावीकडच्या पायाखाली ओल आहे, तर ड्रेनचा पाइप चोंदलाय. ते पाणी बोटाला चिकट आणि वासाला गोडसर लागलं, काचेवर तेलकट वाफ धरली, तर तो कूलंट आहे, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, हीटर गळतोय. मग इकडंतिकडं न फिरता उद्यमनगरातलं गॅरेज गाठ.

प्रश्न : सेकंडहँड गाडी बघितली, चकाचक आहे, पण आत दोन-दोन परफ्यूम लटकवलेत. घेऊ का? (कसबा बावडा)

उत्तर : दोन परफ्यूम बघूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. २०१९ च्या ऑगस्टला आणि २०२१ च्या जुलैला पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या हे तुम्हाला बावड्यात राहून मी काय सांगायचं. काचा बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवायला लावा, परफ्यूम काढून, मग दार उघडून पहिला श्वास घ्या. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते का बघा, तिथपर्यंत धुवायला कोण जात नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज, हेडलाइटच्या आत पाण्याचे डाग, यातलं दोन सापडलं तरी सोडून द्या. वास निघेल एखादवेळेस, पण वायरिंगच्या जोडात शिरलेलं पाणी वर्षभरानंसुद्धा त्रास देतं आणि मालक "स्पर्श पण झाला नाही पाण्याचा" म्हणतोच.

प्रश्न : सडक्या अंड्याचा वास येतोय, सगळी गाडी धुतली तरी जात नाही. (उचगाव)

उत्तर : धुणं थांबवा काका, बॅटरी बघा. जास्त चार्ज होऊन गरम झाली की तिच्यातून असाच वास येतो. बॅटरी फुगली असेल किंवा फार तापली असेल तर हात लावू नका, बिडी-काडी लांब ठेवा, इंजिन बंद करून इलेक्ट्रिशियनला तिथंच बोलवा आणि इंजिन चालू असताना चार्जिंग किती व्होल्ट येतंय ते त्यालाच मोजू दे, १५ च्या पुढं गेलं तर नुसती बॅटरी बदलून भागणार नाही, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय. बॅटरी ठीक निघाली तर सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासा, आणि तोवर गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवून वास शोधत बसू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.