घर विकताना दलाली किती, सरकारचं किती आणि हातात किती

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजलो: बेळगावातल्या अनगोळचं वडिलांनी बांधलेलं घर विकायचं आहे, बोली ६० लाखांपर्यंत आली आहे. एजंट २ टक्के मागतो आणि 'कागदपत्रांचे' ७५ हजार वेगळे. कोल्हापूरचा भाचा म्हणतो नोंदणी तर ३० हजारांत होते. दुसरा एजंट म्हणतो, "दलाली नको, ५६ लाख तुमच्या हातात, वरचं माझं." भाऊ दुबईला.

आधी भाच्याचं. तो खोटं सांगत नाही, पण तो हिशेब महाराष्ट्राचा. तिकडे नोंदणी फी १ टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार. आपल्याकडे वरची मर्यादाच नाही, शिवाय ३१ ऑगस्ट २०२५ पासून कर्नाटकाने ही फी १ वरून २ टक्के केली. म्हणजे ६० लाखांच्या घराला नोंदणीचेच १ लाख २० हजार. मुद्रांक ५ टक्क्यांनी ३ लाख, त्या ३ लाखांवर सेस १० टक्के म्हणजे ३० हजार आणि अधिभार २ टक्के म्हणजे ६ हजार. बेरीज ४ लाख ५६ हजार. ग्रामपंचायत हद्दीत अधिभार ३ टक्के, बाकी तेच. निपाणी-खानापूरकडच्या लोकांचे निम्मे पाहुणे सीमेपलीकडे, त्यामुळे हा गोंधळ घरोघरी होतो.

हे पैसे घेणाऱ्याने भरायचे, तुम्ही नव्हे. तरी आकडा तुम्हाला ठाऊक हवा, कारण घेणारा याच साडेचार लाखांपायी म्हणणार, "दस्तात ४५ दाखवू, बाकीचे रोख." ऐकू नका. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली की जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो रोख घेणाऱ्या हाताला, म्हणजे तुम्हाला. शिवाय दस्तातली किंमत आणि सरकारी दर यांत जो आकडा मोठा, त्यावरच मुद्रांक लागतो.

आता दलाली. टक्का कुठल्याही कायद्याने ठरवलेला नाही. रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा; त्याची नोंदणी एजंटला लागते ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट विकताना. जुनं घर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना रेरा मध्ये येत नाही. त्यामुळे सगळं बोलण्यावर. साधारणपणे दोन्ही बाजूंकडून १ ते २ टक्के घेतले जातात. तुमच्या एजंटला घेणाऱ्याकडूनही मिळणार आहेत, तेव्हा १ टक्क्याला चिकटून राहा. ६० लाखांवर १ टक्का ६० हजार. त्याचं जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर दलालीवर १८ टक्के वर, नसेल तर त्याला जीएसटी मागताच येत नाही. नंबर असलेलं बिल मागा, खरं-खोटं लगेच कळतं.

दलाली कधी द्यायची? इसाराच्या, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन सौदा ठरतो त्या दिवशी नाही. करार कायद्याप्रमाणे वेगळं ठरलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पुरं झाल्यावरच देणं लागतो. इसार होऊन मोडलेले व्यवहार आपल्याकडे कमी नाहीत, आणि तेव्हा दिलेली दलाली परत आलेली मी तरी पाहिली नाही. एका कागदावर एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या: "खरेदीखताची नोंद होऊन संपूर्ण रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जमा झाल्यावर किमतीच्या १ टक्का दलाली चेकने दिली जाईल. मध्ये आणखी कोणी एजंट असल्यास त्याचा हिस्सा यातूनच." शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. घर दाखवायला एक येतो, गिऱ्हाईक दुसऱ्याचं असतं, आणि नोंदणीच्या दिवशी सबरजिस्ट्रार ऑफिसबाहेर तिसराच हात पुढे करतो.

'५६ तुमच्या हातात, वरचं माझं' हा प्रस्ताव मात्र मी सरळ नाकारेन. कानाला गोड लागतो, कारण टक्क्याची घासाघीस वाचते. वडगावातल्या एका ओळखीच्या घरात काय झालं ते सांगतो. मालकाला ४२ लाख सांगितले होते. घेणाऱ्याने बँकेचं कर्ज काढलेलं, त्यामुळे दस्तात खरा आकडा घालणं भाग होतं. नोंदणीच्या सकाळी मसुदा वाचला तर किंमत ४७ लाख! एजंट शांतपणे म्हणाला, "सगळे तुमच्या खात्यावर येतील, दुपारी ५ लाख काढून मला द्या." म्हणजे पाच लाख त्याचे, पण ते विक्रीकिंमत म्हणून दिसणार मालकाच्या नावावर, आणि त्यावर विक्रीच्या नफ्यावरचा कर, १२.५ टक्क्यांनी ६२,५०० रुपये, मालकाने भरायचा. त्यांचे मेहुणे वकील होते म्हणून त्याच टेबलावर विषय मिटला. एजंटने मालकाला अंधारात ठेवून स्वतःचा फायदा काढला तर तो फायदा मालक मागू शकतो, हेही करार कायद्यातच आहे. पण कोर्टात जाण्यापेक्षा आधी घेणाऱ्याला समोर बसवून त्याच्या तोंडून किंमत ऐकणं सोपं. जो एजंट घेणाऱ्याशी भेट घालून देत नाही, त्याच्याशी पुढे बोलू नका.

'कागदपत्रांचे ७५ हजार' कशाचे, ते वेगवेगळं लिहून मागा. तुमच्या बाजूला लागतं ते असं: ई-खाते (मालमत्तेचा डिजिटल उतारा; तो नसेल तर आता दस्त नोंदच होत नाही), सिटी सर्व्हे उतारा, ईसी (मालमत्तेवरच्या बोज्यांचा दाखला), थकलेली घरपट्टी-पाणीपट्टी, हेस्कॉमचं वीजबिल. ईसी नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर घरबसल्या निघते, फी किरकोळ. खरी धावपळ असते ती उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असेल तर वारसा लावायची, किंवा कन्नडमधलं नाव आधारशी जुळत नसेल तर ते दुरुस्त करायची. त्या कामाचे माणसाला पैसे द्यायला हरकत नाही, पण आकडा कामावर ठरू दे. खरेदीखत कन्नडात असणार. सहीआधी एजंटच्या माणसाकडून नव्हे, आपल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या.

घरावर कर्ज असेल तर आणखी एक. बँकेचं कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई. गल्लीतल्या पतसंस्थेला किंवा सौहार्द सहकारी संस्थेला तो लागू नाही. गहाणखत नोंदवलेलं असेल तर ते सोडवल्याचा दस्तही नोंदवावा लागतो, नाहीतर बोजा ईसीत तसाच दिसत राहतो.

आणि ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते सगळ्यात मोठं. ६० हजारांच्या दलालीवर रात्र-रात्र चर्चा होते, पण विक्रीच्या नफ्यावरचा कर? समजा त्याआधी बांधलेल्या घराची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा भाव ६ लाख धरला. ६० लाखांतून तो आणि दलालीचे ६० हजार वजा करा, नफा ५३ लाख ४० हजार, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ६ लाख ६७ हजार ५००, वर ४ टक्के सेस. दलालीच्या अकरापट! जुन्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी भरायचीही मुभा आहे, पण या आकड्यांत ते महाग पडतं. २००१ चा भाव मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून लिहून घ्या. त्यात एक लाखाचा फरक पडला तर करात साडेबारा हजारांचा पडतो. दलाली चेकने दिली आणि पावती असेल तर ती वजा करताना पुरावा हाताशी राहतो, हेही लक्षात असू दे. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर हा कर वाचतो.

घेणारा पैसे देतानाच १ टक्का टीडीएस (आगाऊ कापलेला आयकर) कापेल, ६० लाखांवर ६० हजार. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना तुमच्या करात जमा धरला जातो. दुबईच्या भावाचं मात्र वेगळं: अनिवासी विक्रेत्याच्या हिश्शावर १ टक्का चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो. कमी कपातीचा दाखला त्याने इसाराच्या आधीच आयकर खात्याकडे मागायला हवा. दस्त झाल्यावर मागून उपयोग नाही, मग परताव्याची वाट बघत बसायचं.

उताऱ्यावर सध्या कोणाकोणाची नावं आहेत ते कळवा. नफा वारसांत हिश्शाप्रमाणे वाटला जातो, तेव्हा तुम्ही दोघंच आहात की आईही, यावर वरचा करांचा हिशेब बदलेल.