नळीच्या वाटेआधी काय विचारू

परीक्षा म्हटल्यावर बिचकू नकोस. नळीच्या वाटेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद, खड्या घळीतून, हरिश्चंद्रगडावर न्यायच्या आधी आम्ही प्रत्येक नवख्याला विचारतोच.

पहिला प्रश्न: वाट चुकली आणि ओढा दिसला, तर त्याच्या कडेने खाली उतरशील का? बहुतेक जण हो म्हणतात. सह्याद्रीत हे जिवावर बेततं. इथला ओढा बरेचदा कड्यावर जाऊन धबधबा होतो आणि तिथून ना खाली जाता येत, ना वर. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत माघारी जा. अंधार पडला असेल तर हलूच नकोस, थांबून थांबून तीनदा शिट्टी मार.

फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, चावलं तर? चिरा नाही, आवळपट्टी नाही. चावलेला अवयव स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, उचलून दवाखान्यात न्यायचं. रेंज असेल तर लगेच १०८.

मग काडेपेटी देऊन चूल पेटवायला लावू. पावसाळ्यात जमिनीवरच्या काटक्या गोळा करू नकोस, त्या आतपर्यंत भिजलेल्या असतात. झाडावरच वाळून अडकलेल्या घे; कट्कन मोडली की समज कोरडी. जाड लाकूड जाळ धरल्यावरच. आणि चूल मांडण्याआधी वर बघ: कड्याला आग्या मोहोळ लटकलं असेल, तर तिथे धूर अजिबात करायचा नाही.