गळाला लागलेला मासा घरी पोचेपर्यंत मऊ पडतो, वास मारतो. पकडल्यावर लगेच काय करावं?

तुम्ही लिहिलंय की रेवदंड्याच्या बाजूला खडकांवरून गळ टाकता, मासे पाण्याच्या बादलीत जिवंत ठेवता आणि दुपारी पनवेलला घरी नेता. तरी बाजारातला मासा त्याहून बरा लागतो. माझ्या मते गोची त्या बादलीतच आहे.

जिवंत ठेवला म्हणजे ताजा राहिला, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. पण बादलीतलं पाणी उन्हात तापतं, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासा तडफडत तडफडत मरतो. या झटापटीत त्याच्या मांसातली साठवलेली शक्ती जळून जाते आणि आम्लता वाढते. असा मासा मेल्यावर पटकन ताठतो आणि तितक्याच पटकन सैल पडतो. म्हणून गळाला लागलेला मासाही उगाच खेळवत बसू नका, लवकर वर घ्या आणि लगेच मारा.

बांगड्याएवढा असेल तर कल्ल्यात बोट घालून डोकं पाठीकडे मोडायचं. एका झटक्यात जीवही जातो आणि रक्तही वाहतं. जिताडा, गोबरा, तांबोशी यांच्यासाठी दाभण किंवा तसंच काही टोकदार हवं. डोळ्याच्या मागे, किंचित वर मेंदू असतो, तिथे टोचा. नेमकं लागलं की मासा अंगभर शहारतो, तोंड वासतो, पर ताठ पसरतो आणि मग एकदम ढिला पडतो. नुसताच फडफडत राहिला तर जागा चुकली, पुन्हा टोचा. लगेच दोन्ही बाजूंचे कल्ले मुळाशी कापा आणि डोकं खाली करून पाच-दहा मिनिटं समुद्राच्या पाण्याच्या बादलीत धरा. मेंदू गेला तरी हृदय थोडा वेळ चालू असतं, तेच रक्त बाहेर ढकलतं. जपानी लोक याला इकेजिमे म्हणतात, आणि त्यापुढे जाऊन मणक्यातून तारही फिरवतात. घरच्या कालवणासाठी मला तेवढा खटाटोप पटत नाही. शिंगाळा लागला तर मात्र हात घालण्याआधी पकडीने काटे मोडा. त्याच्या काट्याची कळ दिवसभर जात नाही.

आता बर्फ. यात काटकसर नको. माशाच्या वजनाएवढा तरी बर्फ लागतोच, मे महिन्यात दुप्पट न्या. लादी आख्खी नेऊ नका, गोणपाटात घालून फोडा. दोन वाटे चुरा आणि एक वाटा समुद्राचं पाणी असा गारेगार काला खोक्यात करा आणि मासा त्यात पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवलेल्या माशाला बर्फ चार ठिकाणी टेकतो, बाकी सगळीकडे हवाच असते. काल्यात गारवा चहूबाजूंनी लागतो आणि खारट पाणी शून्याच्याही किंचित खाली जातं. मासा आतपर्यंत गार झाला की पाणी सोडून द्या आणि घरापर्यंत नुसत्या बर्फात न्या. वितळलेल्या गोड्या पाण्यात डुंबत ठेवलात तर चव धुऊन जाते. आणि हो, पाणी मोकळ्या समुद्राचं घ्या. जेटीला लागून डिझेल आणि गटार दोन्ही असतं.

बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या बाबतीत बर्फ हा निव्वळ चवीचा प्रश्न नाही. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. मग खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, आणि आपण म्हणतो ‘मासा बाधला’. हे हिस्टामाइन तळून जात नाही, उकळून जात नाही, फ्रीझरमध्येही जात नाही. माशाला वास नसला तरी ते असू शकतं. तेव्हा तासन्‌तास उन्हात पडलेला बांगडा मांजरालासुद्धा घालू नका.

पोट कधी साफ करायचं? मोठ्या माशाचं तिथेच. आतड्यातली पाचकद्रव्यं पोटाचं मांस आतून खात सुटतात. पित्ताची हिरवी पिशवी फुटू देऊ नका, आणि कण्याला चिकटलेली रक्ताची काळपट रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून काढा. पुढे घाण वास मारते ती तीच. छोटे मासे उन्हात कापत बसण्यापेक्षा अख्खेच बर्फात टाका आणि घरी गेल्या गेल्या साफ करा. गळाला मोरी (छोटा शार्क) किंवा पाकट (चपटा रे मासा) लागलं तर रक्त काढणं, पोट साफ करणं, कातडं सोलणं सगळं झटपट उरका. त्यांच्या अंगात युरिया असतो, त्याचा अमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

घरी पोचल्यावर मोठा मासा ताठलेला असेल तर त्याच्या बिनकाट्याच्या पट्ट्या काढू नका, मांस फाटतं. तसाच बर्फात राहू द्या, दुसऱ्या दिवशी कापा. नीट मारून रक्त काढलेला जिताडा दुसऱ्या दिवशी जास्त चविष्ट लागतो. आमच्या घरातली ज्येष्ठ मंडळी हे अजून मान्य करत नाहीत. त्यांच्या लेखी मासा त्याच दिवशी रांधला पाहिजे. कालवणाच्या तुकड्यांना तसा फारसा फरक पडत नाही, आणि बांगडा मात्र मीही त्याच दिवशी खातो.

शेवटी तुम्ही विचारलंय, खडकावरच मीठ-हळद चोळून आणू का? नको. तेवढ्याशा मिठाने मासा टिकत नाही, नुसतं पाणी सुटतं. मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ तव्यावर टाकायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा.