वाचकांचे प्रश्न: एका हाताने फुटबॉल?

प्रश्न: माझा पुतण्या फ्लोरिडात शिकतो, त्याने शकीम ग्रिफिन नावाच्या प्लेअरचा व्हिडिओ पाठवला. त्याला डावा पंजाच नाही! पण फुटबॉलमध्ये हात लागतो कुठे, मग एवढं कौतुक कशाला? कॉलेजच्या टीममध्ये तो आला कसा?
- एक वाचक, सांगली

उत्तर: काका, हा आपला फुटबॉल नाही, अमेरिकन फुटबॉल. यात बॉल हातात घेऊन पळतात आणि समोरच्याला धरून पाडतात, शकीम लाइनबॅकर, म्हणजे त्याचं कामच पळत्या माणसाला धरून पाडायचं, आता सांगा हात लागतो की नाही.

जन्म १९९५ चा, फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गचा. पोटात असतानाच गर्भपिशवीचे धागे मनगटाला आवळले गेले त्यामुळे बोटं नीट वाढलीच नाहीत आणि नुसता धक्का लागला तरी प्रचंड दुखायचं. चार वर्षांचं पोर एका रात्री किचनमध्ये सुरी घेऊन स्वतःची बोटं कापायला निघालं होतं, आईने पाहिलं म्हणून वाचलं. मग ऑपरेशन करून पंजा काढला. मला तर हे वाचताना आईच्या जागी स्वतःला ठेवून बघवलं नाही.

पण वडलांनी पोराचे लाड नाही केले. लाकडाच्या तुकड्याला मऊ काहीतरी गुंडाळून डाव्या हाताखाली आधार करून दिला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहून वजन उचलता येईल.

जुळा भाऊ शकील, त्याला चांगल्या कॉलेजांच्या ऑफर होत्या पण तो अडून बसला की जाईन तर शकीमला घेऊनच. सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटीने दोघांनाही स्कॉलरशिप दिली. मला विचाराल तर सगळी गोष्ट इथेच आहे, कारण पुढची तीन वर्षं शकीमला धड खेळायलाच मिळालं नाही आणि २०१५ ला टीम बाराच्या बारा मॅच हरली. २०१६ ला नवीन कोच स्कॉट फ्रॉस्ट आले, त्यांनी त्याला खेळवलं आणि गडी त्याच वर्षी कॉन्फरन्सचा, म्हणजे त्यांच्या कॉलेज-लीगचा, बेस्ट डिफेन्स प्लेअर झाला! २०१७ च्या सीझनला तीच टीम १३ पैकी १३ जिंकली. शेवटची मॅच अटलांटात, पीच बोल नावाची सीझन संपतानाची मोठी मॅच, समोर ऑबर्न युनिव्हर्सिटी, ज्यांनी त्याच सीझनला जॉर्जिया आणि अलाबामा या दोन तगड्या कॉलेज टीमना पाडलं होतं, त्यांना ३४-२७ ने हरवलं आणि डिफेन्सचं बक्षीस शकीमला.

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यात, सिएटल सीहॉक्स टीमने १४१ व्या नंबरला घेतलं, शकील तिथे आधीच होता, म्हणजे दोघं परत एकाच टीममध्ये. तीन सीझन खेळला, २०२२ ला रिटायर झाला.

पुतण्याला ड्राफ्टच्या आधीच्या टेस्टचा व्हिडिओ मागा. आडवं पडून छातीवरून उचलायचा १०२ किलोचा बार, डाव्या मनगटाला नकली हात पट्ट्याने बांधलेला, सहा वेळा जमलं तरी खूप असं स्वतःच ठरवून आलेला. सहा झाले, दहा झाले, बाजूची पोरं ओरडायला लागली, वीस वेळा उचलला.