एकाच मोठ्या भागीदारावर चालणाऱ्या टेक कंपनीत पैसे घालावेत का?

कंपनीचं ७० टक्के उत्पन्न एकाच बड्या भागीदाराकडून येतं, पण भागीदाराचं नाव एवढं मोठं आहे तर भीती कशाची, असं तुम्ही विचारलंय. नेमका हाच युक्तिवाद आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकलाय, म्हणून लिहायला बसलो.

कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. सगळं जॉबवर्क एकाच मोठ्या कंपनीचं. मी म्हणायचो, मिरजेची, इस्लामपूरची छोटी कामंही धरू. दादांचं ठरलेलं उत्तर, "किरकोळ पार्ट्या उधारी बुडवतात. इथं पेमेंट वेळेवर येतंय ना?" येत होतं. पण रेट वाढवून मागायची आमची टाप नव्हती. स्टील महागलं, वीज महागली, रेट तोच. गिऱ्हाईक जायच्या आधी मार्जिन जातं, हे लक्षात ठेवा.

मग एका दिवाळीनंतर त्या कंपनीच्या पोर्टलवर पुढच्या महिन्याचं शेड्यूल उघडलं, तर आमच्या पार्ट नंबरांसमोर ओळीनं शून्य. रिजेक्शन नव्हतं, भांडण नव्हतं. त्यांनी ते काम स्वतःच्या प्लांटमध्ये घेतलं होतं. त्यांच्या ड्रॉइंगवर बनवलेली फिक्स्चर्स, म्हणजे मशीनवर पार्ट पकडून ठेवायची साधनं, अजून रॅकवर पडून आहेत, दुसऱ्या कुठल्या जॉबला ती बसत नाहीत. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

टेकमध्येही हेच होतं. ब्रिटनची इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज आयफोनसाठी ग्राफिक्सचं तंत्रज्ञान पुरवायची, जवळपास निम्मं उत्पन्न ॲपलचं. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ॲपल दोन वर्षांच्या आत नव्या उत्पादनांत हे तंत्रज्ञान वापरणं बंद करणार. शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला आणि त्याच वर्षी कंपनी विकली गेली.

वार्षिक अहवालात सेगमेंटची, म्हणजे व्यवसायाच्या विभागवार आकड्यांची टीप वाचा. १० टक्के किंवा जास्त उत्पन्न देणाऱ्या गिऱ्हाइकाचा आकडा इंड-एएस १०८ या भारतीय लेखा मानकाप्रमाणे द्यावाच लागतो, नाव दिलं नाही तरी. चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडा. वाटा वाढतोय आणि मार्जिन घसरतंय, तर मी तो शेअर घेणार नाही.

सिरस लॉजिकसारखी अमेरिकन चिप कंपनी वर्षानुवर्षं बहुतांश ॲपलवर चालूनही नफ्यात राहिलीय, हेही खरं. त्यामुळे घ्यायचाच असेल तर थोडा घ्या.

दादा अजून म्हणतात, त्या कंपनीनं आपलं घर चालवलं. चालवलं, नाही कोण म्हणतो? पण त्याच काळात दुसरी दोन गिऱ्हाइकं लावली असती तर नवी व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) विकावी लागली नसती. एवढं त्यांनी एकदा तरी मान्य करायला हवं.