वाचकांचे प्रश्न : पिकअपचे ब्रेक

प्रश्न : कांद्याने भरलेला पिकअप कसारा घाट उतरताना ब्रेकचे पेडल स्पंजासारखे दबते. पुढे मोठ्या डिस्क घरीच बसवाव्यात का?

उत्तर : कृपया एवढ्यात नको. गरम झाल्यावरच पेडल मऊ पडत असेल, तर बहुधा ओलावा शोषलेले ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होत आहेत; पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसती, तर दोष पॅड-लायनरकडे गेला असता. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर मात्र तो १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून आधी ऑइल पूर्ण बदलावे. सिलिकॉनचे डॉट ५ त्यात कधीही मिसळू नये.

हे काम घरी दोघांनी करता येते, परंतु गाडी केवळ जॅकवर ठेवून चाक काढू नये, खाली भक्कम स्टँड लावावेतच. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळचे, जुने ऑइल बाहेर सोडणारे निप्पल उघडून पेडल सुटण्याआधी बंद करावे आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी घटू देऊ नये.

केवळ पुढच्या डिस्क वाढवल्यास पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडतो. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.