कॅसिनोतलं रात्रीचं मिस्टरी शॉपिंग: सोबत कोणाला न्यावं?

प्रिय मुली,

अटलांटिक सिटीतल्या कॅसिनो-हॉटेलात एका रात्रीचं मिस्टरी शॉपिंगचं, म्हणजे साधा पाहुणा बनून तिथली सेवा तपासायची आणि रिपोर्ट लिहायचा, असं काम मिळतंय, तर सोबत नवऱ्याला नेऊ की सध्या आलेल्या सासूसासऱ्यांना, असं तू विचारलंस. कोणाला न्यायचं ते नंतर बघू. न्यायला परवानगी आहे का, ते आधी बघ. काही कामांत दोघं लागतातच, कारण रेस्टॉरंटच्या भागात दोन वेगवेगळे मेन कोर्स मागवून दोन्हींचं वर्णन द्यायचं असतं. काहींत सोबती चालतो, पण त्याचा खर्च आपला. आणि काहींत, विशेषतः बारटेंडर पैशाचा हिशेब नीट ठेवतो का हे पाहायचं असतं तिथे, एकट्यानेच बसा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. गाइडलाइन्समध्ये काहीच नसेल तर शेड्युलरला, म्हणजे कंपनीतर्फे कामं वाटणाऱ्याला, ईमेल करून लेखी उत्तर घे. फोनवरचं "हो, चालेल" रिपोर्ट नाकारला गेल्यावर कोणालाही आठवत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. तुझ्याकडे एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावरचं मुदतीतलं ईएडी कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, आहे, म्हणून तू स्वतंत्र कंत्राटदार म्हणून हे काम घेऊ शकतेस. नवऱ्याचा एच-1बी हा नोकरीचा व्हिसा त्याच्या कंपनीपुरताच. तो पाहुणा म्हणून येईल, जेवेल, झोपेल. पण रिपोर्टातला एकही विभाग त्याने भरायचा नाही आणि फीचा एक डॉलरही त्याच्या नावावर यायला नको. व्हिजिटर व्हिसावरच्या सासूसासऱ्यांना हेच लागू, आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या तुझ्या मैत्रिणीलाही. यातल्या कोणाकडूनही 'जरा तू स्पाचा भाग करून टाक' असं करवून घेऊ नकोस. पुढे कधी लास व्हेगासची कामं दिसली तर लगेच अर्ज करू नकोस. नेवाडात हे काम खासगी तपासनिसांच्या परवाना मंडळाच्या अखत्यारीत येतं, तिथली नोंदणी आधी लागते.

वय 21 पूर्ण हवं, तुझं आणि सोबत्याचंही. न्यू जर्सीत त्याहून लहान माणसाला गेमिंग फ्लोअरवर, म्हणजे जुगाराची मशीनं आणि टेबलं असतात त्या भागात, थांबता येत नाही, स्ट्रोलरमधल्या बाळालाही नाही. 'पाळीपाळीने बाळाला सांभाळू' हा बेत इथे चालत नाही. ज्या रात्री घरी कोणी सांभाळणारं नसेल, ती तारीख घेऊच नकोस.

आता सासूसासरे. त्यांना न्यायला हरकत नाही, पण गोव्याची कल्पना डोक्यातून काढायला सांग. मांडवीतल्या जहाजांवर तिकीट काढून आत जायचं, बुफे आणि पेयं त्यातच. इथे आत जायला काही पडत नाही, पण आतली जवळपास प्रत्येक गोष्ट पैशाची, आणि पैसे परत मिळणार ते फक्त गाइडलाइन्समधल्या मर्यादेपर्यंत. दोघांचे मूळ पासपोर्ट बरोबर ठेव. वयाचा पुरावा चेक-इनला मागतात आणि खेळणाऱ्यांना सभासद कार्ड देणाऱ्या प्लेअर्स क्लबच्या खिडकीवरही, केस पांढरे असले तरी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुझ्या स्लॉट मशीनचं, म्हणजे जुगाराच्या यंत्राचं, बटण त्यांनी दाबायचं नाही. पैसे कोणी घातले हे कॅसिनो पाहत नाही. ज्याने बटण दाबलं, जिंकलेली रक्कम त्याची. मोठा जॅकपॉट लागला की मशीन लॉक होतं आणि कर्मचारी येऊन कराचा फॉर्म भरून घेतात. ही मर्यादा 2025 पर्यंत 1,200 डॉलर होती, 2026 पासून 2,000 झाली. अमेरिकेच्या करासाठी जो रहिवासी नाही, त्याच्या स्लॉटच्या बक्षिसातून 30 टक्के जागीच कापले जातात, आणि भारताबरोबरच्या करारात त्यातून सूट नाही. (ब्लॅकजॅक, रुले, क्रॅप्स, बॅकरा या टेबलवरच्या खेळांना ही कपात लागत नाही.) शिवाय या सगळ्यात अर्धा तास सहज जातो, आजूबाजूचे टाळ्या वाजवतात, सुपरवायझर अभिनंदन करायला येतो, आणि ज्या रात्री तू कोणाच्या लक्षात राहायला नको होतीस त्याच रात्री सगळा फ्लोअर तुला ओळखू लागतो.

माझं मत विचारशील तर पहिल्या दोन-तीन कामांना नवराच ने. जोडपं हॉटेलात कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. सासूसासऱ्यांबरोबर तुला सून म्हणूनही वागावं लागेल आणि निरीक्षक म्हणूनही, त्यात दुसरी भूमिकाच आधी सुटते. मात्र नवऱ्याबद्दल तीन प्रश्न स्वतःला विचार. थंड सूप आलं तर तो गप्प बसेल का? दोन ड्रिंकनंतर वेटरला "ही सगळं लिहून घेतेय हं" असं गमतीनेही म्हणणार नाही ना? आणि हरल्यावर 'अजून वीसच' म्हणणाऱ्यांपैकी तो आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर नेऊच नकोस. ज्याने स्वतःचं नाव स्वेच्छेने बंदीच्या यादीत घातलंय, त्याला तर मुळीच नाही: त्याला तिथे खेळता येत नाही आणि जिंकलेलं जप्त होतं. जुगाराच्या सवयीसाठी 1-800-426-2537 ही हेल्पलाइन आहे, गरज पडली तर नंबर असू दे.

निघण्यापूर्वी त्याला गाडीतच सगळं सांग, लॉबीत नाही. एडिसनहून पार्कवेने दीड-पावणेदोन तास मिळतात, तेवढे पुरतात. काय सांगायचं? तक्रार करायची नाही, मॅनेजरला बोलवायचं नाही, फुकट काही मागायचं नाही, कारण त्याने प्रसंगच बदलतो आणि मग तू कंपनीला जे मोजून द्यायचं ते मोजता येत नाही. कोणाशी गप्पा लांबवायच्या नाहीत. फोटो टाकायचे नाहीत, लोकेशन टाकायचं नाही, आणि पुढच्या आठवड्यात गूगलवर त्या रेस्टॉरंटचा रिव्ह्यूही नाही. क्लायंटचं नाव गुप्त ठेवण्याच्या करारावर सही तुझी आहे, पण ते फुटतं बहुतेक वेळा सोबत्याच्या तोंडून.

दारात गाडी ताब्यात घेणाऱ्या व्हॅलेपासून घड्याळ सुरू होतं. इथे सोबती खरोखर उपयोगी पडतो. गाडी थांबल्यापासून दार उघडेपर्यंत किती वेळ, बेल डेस्कने सामानाचं विचारलं का, चेक-इनच्या रांगेत किती मिनिटं. तुम्ही दोघं एकमेकांना व्हॉट्सअॅपवर साधे मेसेज पाठवा: 'आलो', 'रांगेत', 'चावी मिळाली'. वेळ आपोआप नोंदली जाते आणि नवराबायको फोनवर बोटं चालवताना कोणाला विचित्र वाटत नाही. नावं मात्र वाटून घ्या. बिल्ल्यावरचं नाव तू वाच, चेहरेपट्टी त्याने लक्षात ठेवावी: अंदाजे वय, उंची, केस, चष्मा, दाढी. नाव दिसलं नाही तर रिपोर्टात एवढ्या वर्णनावरच माणूस ओळखावा लागतो. चेक-इनला एक गोष्ट ऐक: खोलीचा नंबर मोठ्याने सांगितला का? सांगायचा नसतो, कार्डाच्या पाकिटावर दाखवायचा असतो. दुसरी चावी सोबत्याने एकट्याने जाऊन मागून पाहायची की नाही, हे गाइडलाइन्समध्ये असेल तरच कर.

खोलीचं दार उघडल्यावर सगळ्यात जास्त घोटाळा होतो. नवरा बॅग पलंगावर टाकतो, बूट काढतो, बाथरूममध्ये हात धुतो, आणि तुझी तपासणी संपली. ओला बेसिन हाउसकीपिंगचा की त्याचा, हे तू कसं सांगणार? म्हणून त्याला दाराजवळच उभा कर, दहा-पंधरा मिनिटं. आधी दारातून पूर्ण खोलीचा फोटो. मग पलंग: चादरीचे कोपरे, उशीवर केस, पलंगाखालची धूळ. टब आणि ड्रेनच्या जाळीतले केस, आरशावरचे डाग, टॉवेलांची संख्या, केस वाळवायचा ड्रायर चालतो का, रिमोटच्या मागची चिकट धूळ, बंद दिवे, मिनीबारची यादी, एसी किती वेळात थंड करतो. पडदा ओढून खिडकीच्या कडा. हे झालं की मग त्याला आत घे. संध्याकाळी खोलीतून बाहेर पडताना काही वस्तू मुद्दाम कुठे ठेवायची असेल, तर तिची जागा तू ठरव आणि फोटो काढून ठेव.

गेमिंग फ्लोअरवर फोटो काढू नकोस. बहुतेक ठिकाणी बंदी असते आणि सिक्युरिटी लगेच येते. टेबलवर बसल्यावर फोन पर्समध्येच. नोंदी करायला प्रसाधनगृह हीच जागा, म्हणून तासातासाला उठायचं निमित्त हवं.

स्लॉटसाठी समजा 40 डॉलर आणि अर्धा तास दिलाय. पेनी मशीन नावालाच पेनीचं, म्हणजे एका सेंटचं. एका स्पिनला 50 ते 88 सेंट सहज जातात. 50 सेंटने मिनिटाला आठ स्पिन धर, अर्ध्या तासात 120 डॉलर फिरतात. मशीन साधारण दहा टक्के धरून ठेवतं, म्हणजे सरासरीने 12 गेले. पण नशीब वाईट असेल तर 40 वीस मिनिटांतच संपतात आणि वेळेची अट राहते. म्हणून हळू खेळ, मधेच पेय देणारी येते का ते बघ, ती किती मिनिटांनी परत फिरली ते लिही. नवरा खेळला तर स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या कार्डावर. तुझं प्लेअर्स कार्ड त्याच्या मशीनमध्ये घातलं की तुझ्या खेळाचा हिशेब चुकतो, आणि कंपनी रिपोर्ट त्या नोंदीशी ताडून पाहते. उठताना मशीनमधून निघणाऱ्या, उरलेल्या पैशांच्या तिकिटाचा फोटो खोलीत काढ, मग ते मशीनवर नाही तर केजवर, म्हणजे कॅशियरच्या खिडकीवर, वटव, कारण कॅशियरलाही गुण द्यायचे असतात.

ब्लॅकजॅकला पैसे डीलरच्या हातात देत नाहीत, टेबलावर ठेवतात. तो नोटा कॅमेऱ्यासाठी पसरतो आणि पिटला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरला, आवाज देतो. हे केलं का, टेबल सोडताना रिकामे तळवे दाखवले का, हे तुला पाहायचंय. खुर्ची फक्त खेळणाऱ्याची, सोबती मागे उभा राहील, तेही डीलरने हरकत घेतली नाही तर. त्याने तुला "हिट घे" (आणखी एक पत्ता घे) वगैरे सांगायचं नाही, टेबलवरच्या बाकीच्यांना ते आवडत नाही. मराठीत कुजबुजायचा मोह होईल. पोकरच्या टेबलवर डाव चालू असताना फक्त इंग्रजी हा नियम असतो. इतरत्र नियम नसला तरी समोरचा डीलर गुजराती किंवा बांगलादेशी निघण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि त्याला तुमच्या मराठीतलं 'नाव', 'वेळ', 'लिहून ठेव' यातलं बरंच कळू शकतं.

सोबत्याला परवानगी असलेलं बारचं काम असेल तर जागा तू निवड: जिथून कॅश रजिस्टर आणि टिपचा ग्लास दोन्ही दिसतील. नवऱ्याला पाठमोरा बसव, म्हणजे त्याच्याशी बोलता बोलता त्याच्या खांद्यावरून तुला सगळं दिसेल. रोख घेतल्यावर रजिस्टर उघडलं का, पावती दिली का, मापाशिवाय दारू ओतली का, ओळखीच्याला फुकट दिली का. ज्या फेरीत रोख बरोबर मोजून द्यायला सांगितलंय, ती फेरी त्याने चुकून कार्डाने भरली तर तो भाग बाद. तेव्हा पाकीट तुझ्याकडे. त्या रात्री गाडी चालवून घरी यायचं नसलं, तरी गाइडलाइन्स बहुधा माणशी एकच ड्रिंक देतात. दुसरं त्याने स्वतःच्या पैशाने घेतलं तरी ते वेगळ्या बिलावर.

जेवणाचं आधीच ठरव. तो शाकाहारी आणि काम स्टेकहाउसचं, तर दोन मेन कोर्सची अट पाळली जाईल का हे शेड्युलरला विचार. त्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थीचा उपास नाही ना, तेही पंचांगात बघून घे. आणि मर्यादा टॅक्स आणि टिप धरून आहे की सोडून, हे वाच. दोघांच्या जेवणात 18 ते 20 टक्के टिप म्हणजे वीस-पंचवीस डॉलर कोणाच्या खिशातून जाणार हे त्यावर ठरतं.

पैशाचं थोडक्यात. खोली, रिसॉर्ट फी, डिपॉझिटचा होल्ड, जेवण, खेळ असं सगळं आधी तुझ्या कार्डावर, सहज चारपाचशे डॉलर. परत यायला 30 ते 60 दिवस. वर्षाचं निव्वळ उत्पन्न 400 डॉलर झालं की 15.3 टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स भरावा लागतो, कंत्राटदाराच्या कमाईचा 1099 फॉर्म आला नाही तरी. तुला बघून मैत्रिणींनाही हे काम करावंसं वाटेल. त्यांना सांग की नोंदणीला पैसे लागत नाहीत, आणि जी 'कंपनी' आधी चेक पाठवून त्यातले काही पैसे पुढे पाठवायला सांगते ती फसवणूकच. तो चेक काही दिवसांनी बाउन्स होतो.

सकाळी त्याला एकट्याला फिरायला पाठव आणि चेकआउटच्या आधी निदान वेळा आणि नावं लिहून काढ. पूर्ण रिपोर्टला चार ते सहा तास लागतात आणि मुदत बहुधा 24 तासांचीच, कधी त्याहून कमी. त्याने पाहिलेलं आणि तू न पाहिलेलं तुझं म्हणून लिहू नकोस. 'सोबत्याने पाहिलं' असा वेगळा उल्लेख फॉर्ममध्ये चालत असेल तर कर, नाहीतर गाळ. रिपोर्ट तपासणारे एडिटर उलट प्रश्न विचारतात, आणि ज्या काउंटरपाशी तू उभीच नव्हतीस त्याबद्दल दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. पावत्यांचे फोटो दोन ठिकाणी ठेव, मूळ पावत्या पैसे जमा होईपर्यंत टाकू नकोस. त्याच ठिकाणचं पुढचं काम काही महिन्यांनी मिळालं तर त्या वेळी नवऱ्याऐवजी मैत्रिणीला घेऊन जा. बारटेंडर लोकांना चेहरे जोडीने लक्षात राहतात.

कळावे.